पेटी कोरोना पन्नास

माझे आजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका सरदारांच्या वाड्यावर कोठीचे कारभारी होते. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले त्या वर्षी, म्हणजे १९४८ साली, त्यांचे ते काम सुटले. वाड्याच्या हिशेबाच्या चार वह्या मात्र आमच्या घरातच राहिल्या. माझ्या धाकट्या आत्याला आता अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. तिने मागच्या दिवाळीत फर्मान काढले की, या वह्यांची नातवंडांना वाचता येईल अशी स्वच्छ नक्कल मी करून द्यावी. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये मुलांना लेथ शिकवला, त्यामुळे मोजमाप आणि नीट लिहिणे ही दोन्ही कामे मला जमतील असा तिचा विश्वास होता. वडिलांनी लहानपणी मोडीही थोडीफार शिकवली होती, म्हणून मी हो म्हणालो.

तांदूळ, तूप, केशर, कंदिलाच्या काचा यांची पाने भराभर उतरली. मी अडलो तो संवत १९९४ च्या, म्हणजे इसवी सन १९३७-३८ च्या वहीतल्या एका पानावर. पानाच्या माथ्यावर ‘चिरूट’ एवढेच लिहिलेले होते आणि खाली पाच ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘पेटी कोरोना’, त्यापुढे ‘५’ आणि दोन आण्यांची खूण, त्यापुढे ‘४२’ आणि शेवटी ‘५०’. दुसऱ्या ओळीत नुसते ‘कोरोना’, पाच आणि दहा आणे, ४२, २५. तिसरीत ‘लन्सडेल’, सहा आणि आठ आणे, ४२, २५. चौथीत ‘पनाटेला’, चार आणि दहा आणे, ३४, २५. पाचव्या ओळीत ‘त्रिचनापल्ली’ असे लिहून मधली दोन्ही घरे रिकामी सोडलेली होती आणि शेवटी १०० चा आकडा होता. सर्वांत खाली ‘एकूण नग २२५’.

‘कोरोना’ हा शब्द वाचून घरातली मुले आधी दचकली आणि मग हसली. या शब्दाचा मूळ अर्थ मुकुट असा आहे आणि त्या साथीच्या कितीतरी आधीपासून ते एका चिरुटाचे नाव आहे, हे त्यांना समजावून सांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली. माझी खरी अडचण निराळीच होती. पाच रुपये दोन आणे हा भाव असणार, ४२ हा कसला तरी माल क्रमांक असणार आणि पन्नास पेट्या आल्या असणार, असा मी अर्थ लावला. एका पेटीत पंचवीस नग धरले तर पहिल्याच ओळीचे साडेबाराशे चिरूट होत होते. मग एकूण नग २२५ कसे? आजोबांच्या हिशेबात कधी पैची चूक निघाली नव्हती, पण इथे तर बेरीजच कोसळत होती. नकलेच्या समासात मी पेन्सिलीने ‘बेरीज चुकली असावी’ असा शेरा मारला आणि आत्याला जाऊन सांगितले की, वाड्यात एका हंगामात पन्नास पेट्या चिरूट उडत होते. ती म्हणाली, “अरे, तेवढे ओढायला वाड्यात माणसं तरी होती का?”

डिसेंबरात माझा भाचा परदेशातून आला. मित्रांच्या संगतीने त्याला सिगारचा शौक लागलेला आहे. ही गोष्ट त्याच्या आईला माहीत नाही आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत आहे, त्यामुळे वहीचे ते पान मी निर्धास्तपणे त्याच्यापुढे धरले. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि तो मोठ्याने हसला. “मामा, ही पेटी म्हणजे आपली पेटी नाही. फ्रेंचमध्ये लहानला ‘पेती’ म्हणतात, त्यातले हे नाव. पेटी कोरोना म्हणजे छोटा कोरोना. पन्नास पेट्या नव्हेत, पन्नास नग.” मोडी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नाही, सगळी ओळ एका दमात पळते. आजोबांनी हे नाव बोलण्यातून किंवा पावतीवरून जसे उचलले तसे लिहिले, आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी मी त्याचा खोका करून टाकला. पन्नास, पंचवीस, पंचवीस, पंचवीस आणि शंभर यांची बेरीज २२५ होते, हे मी त्याच्यासमोर तोंडी करून पाहिले. पेन्सिलीचा शेरा मात्र लगेच खोडला नाही, कारण मधल्या दोन घरांचा अर्थ अजून लागायचा होता.

भाच्याजवळ पाच सिगार होते आणि प्रत्येक निराळ्या घडणीचा होता. मोंटेक्रिस्टोचे क्रमांक ४ आणि क्रमांक २, पार्तागासचा डी मालिकेतला क्रमांक ४, रोमिओ इ हुलिएताचा चर्चिल आणि कोहिबाचा लॅन्सेरो. हे सगळे क्युबातले. त्यांतला मोंटेक्रिस्टो क्रमांक ४ म्हणजेच पेटी कोरोना, असे त्याने सांगितले. मी तो पोलादी पट्टीवर ठेवला. लांबी १२९ मिलिमीटर भरली. पट्टीच्या दुसऱ्या कडेवर इंच कोरलेले असतात, तिथे पाहिले तर सिगारचे टोक पाच इंच आणि वर जवळपास एक अष्टमांश इथे आले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक अष्टमांश म्हणजे सोळा आण्यांतले दोन आणे. आजोबांच्या पिढीला अपूर्णांक लिहायचा तर तो आण्यांतच लिहायची सवय होती. रुपयाचा सोळावा भाग तो आणा, म्हणून कुठल्याही वस्तूचा सोळावा भाग तो आणा, मग ती जमीन असो, वाटणी असो की पाऊस. इंचाचेही त्यांनी आणेच केले होते. ‘पाच आणि दोन आणे’ ही किंमत नव्हती, सव्वापाच इंचांना किंचित कमी अशी लांबी होती. कोरोनाचे पाच-दहा आणे म्हणजे पाच पूर्णांक पाच अष्टमांश इंच, लन्सडेलचे सहा-आठ आणे म्हणजे साडेसहा इंच, पनाटेलाचे चार-दहा आणे म्हणजे साडेचारहून दोन आणे अधिक. भाच्याने त्याच्या फोनमध्ये क्युबातली मापे पाहून सांगितली: कोरोना १४२ मिलिमीटर, लन्सडेल १६५, पनाटेला ११७. आजोबांचे आणे मी मिलिमीटरमध्ये फिरवले, तर एकाही ओळीत फरक दीड मिलिमीटरच्या पुढे गेला नाही. लांब चिरूट महाग असणारच, असे समजून मी त्या आकड्यांना भाव मानून बसलो होतो, आणि ही समजूत चुकीची असूनही पानावर कुठेच अडखळत नव्हती, हीच तिची खोड होती.

आता राहिले ४२. भाचा म्हणाला, “ते रिंगचं माप आहे, मामा.” रिंग म्हटल्यावर मला सिगारच्या गळ्याभोवतीची कागदी पट्टी आठवली आणि मी पहिली चूक तिथेच केली. रिंग म्हणजे वेढा, म्हणजे परिघ, असे गृहीत धरून मी कागदाची चिंधी त्या पेटी कोरोनाभोवती गुंडाळून परिघ मोजला. तो ५२ मिलिमीटरच्या आसपास निघाला. ४२ कशातच बसेना. व्हर्निअरने, म्हणजे दोन जबड्यांच्या मोजपट्टीने, व्यास पाहिला तर साधारण साडेसोळा मिलिमीटर आला. तेही ४२ नव्हते. मग सवयीने व्यास इंचांत काढला, तो इंचाच्या दोन तृतीयांशाच्या थोडा अलीकडे होता. माझ्या जुन्या पेटाऱ्यात इंची ड्रिलांचा एक संच आहे. त्यात एकेक ड्रिल मागच्याहून इंचाच्या चौसष्टाव्या भागाने जाड होत जाते. आमच्या वर्कशॉपमध्ये मुले जी मापे पाठ करत, त्यांत एकवीस बत्तिसांश हे माप होते. एकवीस बत्तिसांश म्हणजेच बेचाळीस चौसष्टांश, म्हणजे १६.६७ मिलिमीटर. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात, आणि ४२ हा त्या अपूर्णांकाचा फक्त वरचा अंक आहे. चौसष्ट रिंगचा सिगार बरोबर एक इंच जाड. आयुष्यभर जी भाषा मी मुलांना शिकवली तीच वहीत लिहिलेली होती आणि छेद गाळल्यामुळे मला ती ओळखू आली नव्हती.

यानंतर हे प्रकरण माझ्या हातात आले. व्हर्निअरचे जबडे तंबाखूच्या पानावर दाबले की पान दबते आणि माप खोटे येते, म्हणून मी नायलॉनच्या पट्टीत आठ भोके पाडायचे ठरवले. आधी ड्रिलने लहान भोक, मग लेथवर बोअरिंग करून शेवटच्या मापापर्यंत. ३४ साठी १३.४९ मिलिमीटर, ३८ साठी १५.०८, ४१ साठी १६.२७, ४२ साठी १६.६७, पुढे ४६, ४७, ५० आणि ५२. कारखान्यात यालाच ‘गो, नो-गो’ गेज म्हणतात. एका भोकातून वस्तू जावी आणि त्याच्या आतल्या मापाच्या भोकातून जाऊ नये, एवढाच त्याचा कायदा. एका मित्राच्या लेथवर हे काम दीड दिवसात झाले. मोंटेक्रिस्टो क्रमांक ४ बेचाळीसच्या भोकातून अंगाला अंग लावून गेला आणि एक्केचाळीसला अडला. पार्तागास पन्नासमधून, चर्चिल सत्तेचाळीसमधून आणि लॅन्सेरो अडतीसमधून गेला. माझ्या या खटाटोपाला भाचा हसला खरा, पण जाताना त्याने तसेच एक गेज स्वतःसाठी करून घेतले.

मग मी नावांकडे वळलो, आणि तिथे चांगलाच गोंधळ आहे. मोंटेक्रिस्टोचे पाच मुख्य सिगार क्रमांकांनी ओळखले जातात. १, ३, ४ आणि ५ ही उतरती लांबी आहे: १६५ मिलिमीटर, १४२, १२९ आणि १०२. क्रमांक २ मात्र या रांगेत बसतच नाही. तो १५६ मिलिमीटर लांब आणि पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाशी, ५२ रिंग जाड असून डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडे, टोकदार होत जातो. म्हणजे क्रमांक हा दर्जा नव्हे आणि आकारही नव्हे. ती नुसती कारखान्याची हजेरी आहे. ‘चर्चिल’ हे नाव विन्स्टन चर्चिल यांचे, हे सर्वांना ठाऊक असते. ते १९४६ साली हवानाला गेले होते. ‘लन्सडेल’ हे इंग्लंडच्या पाचव्या अर्ल ऑफ लॉन्सडेलचे नाव. पण क्युबाच्या कारखान्यात वळणारा कारागीर यांतले एकही नाव घेत नाही. तिथे प्रत्येक घडणीला स्वतःचे नाव असते. पेटी कोरोना ‘मारेवा’ होतो, लन्सडेल ‘सर्व्हांतेस’, चर्चिल ‘हुलिएता क्रमांक २’ आणि लॅन्सेरो ‘लागितो क्रमांक १’. ही कारखान्याची नावे मोजमापाला पक्की बांधलेली असतात. खोक्यावरची विक्रीची नावे व्यापाऱ्यांची, त्यामुळे एकाच मारेवाला वेगवेगळे ब्रँड वेगवेगळ्या नावांनी विकतात. घरात ज्याला बाळ म्हणतात त्याला दप्तरात पूर्ण नावाने नोंदवावे, तसाच हा व्यवहार. घडण आणि माप मिळून जे होते त्याला स्पॅनिश भाषेत ‘विटोला’ म्हणतात. मराठीत त्याला एक शब्द नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. वहीत आजोबांनी दोन घरे ओढली होती, ती पुरेशी आहेत.

क्युबाबाहेर, म्हणजे निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन प्रजासत्ताक इथे, नावांचा अंमल आणखी सैल होतो. तिथे ‘टोरो’ म्हटले की साधारण सहा इंच आणि पन्नास रिंग समजावे, पण एका उत्पादकाचा टोरो दुसऱ्याच्या टोरोपेक्षा दोन रिंग जाड निघाला तर कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे कोणी नुसते नाव सांगितले तर मी आता विचारतो, लांबी किती आणि रिंग किती. दोन्ही आकडे सांगितल्याशिवाय बोलणे पुढे जात नाही. भाच्याच्या मित्रांना ही माझी हट्टी सवय वाटते.

सरळ अंगाच्या सिगारांना ‘पारेहो’ म्हणतात. ज्यांचे अंग कुठेतरी निमुळते किंवा फुगीर होते ते ‘फिगुरादो’. माझ्यासारख्या लेथवाल्याला पहिला प्रकार साधा दंडगोल आणि दुसरा टेपर टर्निंग, म्हणून दुसऱ्याबद्दल मला जास्त कुतूहल होते. मोंटेक्रिस्टो क्रमांक २ हा पिरामिड. पायाकडून डोक्याकडे तो एकसारखा निमुळता होतो आणि त्याचे टोक कापताना किती खाली कापायचे हे ओढणाऱ्याच्या हातात राहते. वर कापले तर तोंड बारीक, खाली कापले तर मोठे. बेलिकोसो त्याहून आखूड, त्याचे टोक काहीसे गोलाई घेतलेले. टॉर्पेडो या शब्दाचा मूळ अर्थ पायही बंद आणि पोटही फुगलेले असा होता, पण आता बाजारात पिरामिडलाही सर्रास टॉर्पेडो म्हणतात. परफेक्टो दोन्ही टोकांना निमुळता असतो. अशांची रिंग मोजायची ती सर्वांत जाड जागी, म्हणून माझे भोकांचे गेज तिथेही उपयोगी पडते. कुलेब्रा नावाची एक वेणीच असते: तीन बारीक सिगार ओले असताना एकमेकांत पिळलेले. वळणाऱ्यांना रोज मिळणाऱ्या वाट्याचे सिगार वाकडे असावेत, म्हणजे त्यांनी विकायचा माल पळवला तर लगेच ओळखता येईल, म्हणून ही पद्धत निघाली, अशी गोष्ट सांगतात. कोठी सांभाळणाऱ्याच्या नातवाला ही युक्ती पटली.

एवढे झाल्यावर मी स्वतःसाठी एक हिशेब मांडला आणि या सगळ्या खटपटीत सर्वांत जास्त आनंद मला त्यातच मिळाला. लांबी आणि रिंग यांपासून घनफळ काढले. पेटी कोरोनाचे सुमारे २८ घन सेंटिमीटर. पार्तागासचा तो डी मालिकेतला क्रमांक ४, म्हणजे १२४ मिलिमीटर लांबीचा रोबुस्टो, त्याच्यापेक्षा आखूड दिसतो, पण पन्नास रिंगमुळे त्यात ३८ घन सेंटिमीटर तंबाखू मावते. लॅन्सेरो तर १९२ मिलिमीटर लांब आहे, हातात धरला की छडीच वाटते, पण अडतीस रिंगमुळे त्यात जेमतेम ३४. म्हणजे सगळ्यात लांब सिगार सगळ्यात मोठा नव्हे. व्यासाचा वर्ग होतो, लांबीचा होत नाही, हे सूत्र मुलांना शिकवताना मी फळ्यावर लोखंडी सळ्याच काढत आलो. हे उदाहरण तेव्हा मिळाले असते तर वर्गाने जास्त लक्ष दिले असते, अर्थात प्राचार्यांनी मला जाब विचारला असता.

याच सूत्राची दुसरी बाजू चवीशी जोडलेली आहे, असे भाच्याने सांगितले. सिगारमध्ये आत भरण, त्यावर बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर आवरणाचे पान असते. जाडी कमी झाली की आवरणाच्या पानाचा वाटा वाढतो. गणिताने पाहिले तर अडतीस रिंगच्या सिगारमध्ये भरणाच्या मानाने आवरण पन्नास रिंगच्या सिगारपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश अधिक येते. भरणातही तीन प्रकारची पाने असतात: झाडाच्या खालच्या भागातले सहज जळणारे ‘व्होलादो’, मधले ‘सेको’ आणि वरचे कडक, हळू जळणारे ‘लिगेरो’. लिगेरो नेहमी मधोमध ठेवतात. बारीक सिगारात एवढी पाने दाटीने बसवणे कठीण, म्हणून तो वळायला अधिक सफाईचा हात लागतो, आणि फार घट्ट वळला तर ओढताच येत नाही. अलीकडे साठ रिंगचे सिगारही निघतात. साठ रिंग म्हणजे व्यास जवळजवळ २४ मिलिमीटर. वहीतल्या चारही मापांत आजोबांचा आकडा ४२ च्या वर गेलेला नाही, आणि मला विचाराल तर हातातली वस्तू तेवढीच शोभते.

मी तंबाखू खात नाही आणि ओढतही नाही. सिगारचा धूर छातीत घेत नसले तरी तो अपाय करतोच, हे भाच्यालाही मी सांगून ठेवले आहे. तरी एका संध्याकाळी अंगणात त्याने पेटी कोरोना पेटवला तेव्हा मी घड्याळ घेऊन शेजारी बसलो. तो अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ चालला. दुसऱ्या दिवशी चर्चिलला सव्वा तास लागला. त्याच रात्री मला वहीतल्या दुसऱ्या एका पानाची आठवण झाली. तिथे खर्ची पडलेल्या नगांची नोंद होती आणि प्रत्येक ओळीच्या आधी ‘दु.’ किंवा ‘रा.’ असे अक्षर होते. ‘दु. पेटी कोरोना ६’, ‘रा. लन्सडेल ४’, ‘दु. पनाटेला ३’. ही दुकानांची किंवा माणसांची आद्याक्षरे असावीत असे मी समजलो होतो. ती दुपार आणि रात्र होती. दुपारच्या जेवणानंतर पाहुण्यांना काम किंवा विश्रांती असे, म्हणून आखूड किंवा बारीक सिगार. रात्री कोणालाच कुठे जायचे नसे, म्हणून साडेसहा इंची लन्सडेल. चार महिन्यांच्या त्या नोंदीत दुपारी लन्सडेल एकदाही निघालेला नाही. कोठीतल्या माणसाने एकही सिगार न ओढता मालाचा स्वभाव किती नेमका ओळखला होता, हे मला माप घेतल्यावर कळले.

याच दिवसांत भाच्याला घेऊन शिंद्यांच्या जयविलास महालातले संग्रहालय पुन्हा पाहिले. महाल १८७४ चा आणि संग्रहालय १९६४ पासूनचे. लष्कर भागात वाढलेल्या प्रत्येकाने तिथली चांदीची छोटी आगगाडी पाहिलेली असते. मेजवानीच्या लांब मेजावर रुळांवरून ती फिरे आणि जेवणानंतर पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि सिगार नेई. सुरई उचलली की गाडी थांबते, ठेवली की पुढे निघते. लहानपणी आम्ही फक्त इंजिन पाहत असू. या वेळी मी डब्यांकडे पाहत राहिलो आणि मनात हिशेब करत होतो की, त्यांतून कुठल्या लांबीचा सिगार आडवा राहू शकेल. रखवालदार दोनदा जवळ येऊन गेला. आत्याच्या सांगण्याप्रमाणे आमच्या सरदारांकडे मात्र सिगार तबकातूनच फिरत.

त्रिचनापल्लीच्या ओळीतली मधली दोन घरे रिकामी का, हे शेवटी सुटले. चिरूट हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, यावरून आलेला आहे. मराठीने तो सगळ्याच सिगारांना लावला, पण दक्षिणेतला मूळ चिरूट निराळा. तो दोन्ही टोकांनी उघडा असतो, त्याला डोके आणि पाय असा भेद नसतो, डोके बंद करणारी पानाची टोपी नसते आणि कापावेही लागत नाही. तो अमुक मापाचा म्हणून विकला जात नसे, नगावर विकला जाई. आजोबांना लिहायला काही नव्हते म्हणून त्यांनी घरे मोकळी सोडली. मी तिथे आधी ‘नोंद राहिली’ असे लिहिले होते, तेही खोडावे लागले.

एक चूक मात्र माझी एकट्याची. भाच्याने जाताना मोंटेक्रिस्टोचा आणखी एक क्रमांक ४ मापाचा नमुना म्हणून मला ठेवायला दिला होता. तो मी पुस्तकांच्या कपाटावर तसाच ठेवला. सिगारला हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, हे त्याने सांगितले होते, पण मी ते ओढणाऱ्यांसाठी समजलो, मोजणाऱ्यासाठी नव्हे. आमच्याकडे वैशाखात वारा कसा असतो ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. मे महिन्यात तो सिगार गेजमध्ये घातला तर तो एक्केचाळीसच्या भोकातून सळसळत निघून गेला. आवरणाच्या पानाला लांबट चीरही गेली होती. लोखंड तापले की वाढते, एवढेच मी जन्मभर शिकवले. कोरड्या हवेने आटणारे माप माझ्या हातात पहिल्यांदाच आले. फोनवर ऐकल्यावर भाचा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी तुमच्यासाठी लाकडाचाच आणतो.”

जूनमध्ये नक्कल पूर्ण करून आत्याकडे गेलो. तिला मधल्या घरांचा अर्थ समजावून सांगितला, इंचाचे आणे ऐकून ती खूश झाली आणि तिने आपला सुई-दोऱ्याचा जुना लाकडी डबा पुढे ओढला. हा डबा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्याच्या झाकणाच्या आतला रंगीत कागद केव्हाच गेलेला आहे, पण नाक आत घातले तर देवदारासारखा मंद वास अजून येतो. “हा वाड्यातलाच,” ती म्हणाली. मी खिशातली पट्टी काढली. आतली रुंदी सव्वापाच इंच होती, म्हणजे पाच-दोन आण्यांचा सिगार थोडी फट ठेवून आडवा मावणारी. लांबी आठ इंच आणि वर अर्ध्या इंचाहून किंचित अधिक. पंचवीस सिगार दोन थरांत भरतात, खाली बारा आणि वर तेरा. तेरा वेळा बेचाळीस चौसष्टांश केले की आठ इंच साडेआठ आणे येतात. मी पुन्हा एकदा मोजले. हा डबा कोरोनाचा नव्हता, कारण कोरोना त्यात आडवा मावलाच नसता. लन्सडेलचा तर प्रश्नच नव्हता. पन्नास नगांच्या त्या ओळीतली ही दोनांपैकी एक पेटी.

पेन्सिलीचा शेरा मी तिथेच बसून खोडला. आत्याने चष्मा पुसून पान पाहिले, ‘एकूण नग २२५’ वर बोट फिरवले आणि म्हणाली, “झालं ना मोजून? मग ती रिळं पुन्हा आत ठेव, आणि काळा दोरा वर असू दे.”